हॉटेलच्या तपासणीचा अहवाल मिळवताना

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकटं राहणाऱ्या सभासदांची संख्या वाढत गेली, तशी रोजच्या डब्याची गरज पुढे आली. मुलं परगावी, कुणाला ओट्यापाशी फार वेळ उभं राहणं झेपत नाही, बऱ्याच जणांना मधुमेह, एका काकूंची नुकतीच केमोथेरपी झालेली. दोन ठिकाणं आमच्या नजरेसमोर होती. चौकातलं जुनं शाकाहारी हॉटेल आणि मागच्या गल्लीतलं पोळी-भाजी केंद्र. दोन्हीकडची चव सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे चवीचा प्रश्न नव्हता. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला शिळ्या ग्रेव्हीने जुलाब लागले तर तो थेट सलाईनवर जातो. म्हणून डबा ठरवण्याआधी मी समितीत विचारलं, या स्वयंपाकघरांची सरकारी तपासणी होते ना? मग त्यात काय आढळलं, ते आपल्याला बघायला का मिळू नये? विचारणाऱ्यानेच काम करायचं हा आमच्या संघाचा रिवाज आहे. शोध माझ्याकडे आला.

सुरुवात सोपी होती. दोन्ही ठिकाणी भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक लावलेला होता. हॉटेलच्या बिलावरही तो होता, कारण २०२२ पासून बिलावर तो छापणं बंधनकारक आहे. या क्रमांकातून बरंच कळतं. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. हॉटेलचा क्रमांक १ ने सुरू होत होता, पोळी-भाजी केंद्राचा २ ने, म्हणजे छोट्या व्यवसायाची नोंदणी. ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला आहे, हे कुणालाही दिसतं. दोघांचेही चालू होते. तपासणी कधी झाली, काय आढळलं, याचा मात्र तिथे पत्ता नाही.

माझी भाची टोरंटोत राहते. तिच्याशी बोलताना हे निघालं, तेव्हा तिने सांगितलं की तिकडे प्रत्येक हॉटेलच्या दारात तपासणीचा रंगीत फलक असतो. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे सशर्त पास, लाल म्हणजे बंद. २००१ पासून ही पद्धत चालू आहे आणि कोणत्या तारखेला कोणती त्रुटी आढळली, ती किरकोळ होती की गंभीर, हे सगळं घरबसल्या वाचता येतं. तिने तिच्या घराखालच्या इडली-डोशाच्या हॉटेलचा अहवाल मला फोनवर वाचून दाखवला. हात धुण्याच्या बेसिनपाशी साबण नव्हता, एवढीच एक नोंद होती. ती तिथे अजूनही जाते.

आपल्याकडे हॉटेलांना एक ते पाच स्मायली देणारी एफएसएसएआयची स्वच्छता मानांकन योजना आहे. पण ती ऐच्छिक आहे. हॉटेलवाल्याने स्वतः पुढाकार घ्यायचा आणि मान्यताप्राप्त खासगी संस्थेकडून लेखापरीक्षण करून घ्यायचं. ज्याने भाग घेतला नाही, त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. आमच्या दोघांपैकी कुणीही त्यात नव्हतं. मला तर सरकारी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः जाऊन केलेल्या तपासणीचा कागद हवा होता.

अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. समोरच्या लिपिकाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तक्रार असेल तर लगेच लिहून घेतो. अहवाल असा देता येत नाही, माहिती अधिकारात टाका.”

तक्रार काहीच नव्हती. म्हणून माहिती अधिकार.

अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करायचा, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा दीडशे. त्यामुळे हॉटेलचा एक आणि केंद्राचा एक, असे दोन वेगळे अर्ज केले. दोन्हींच्या स्थळप्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घेतली. हा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, कारण उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

केंद्राच्या अर्जाला उत्तर आधी आलं: मागितलेल्या कालावधीत तपासणी झालेली नसल्याने अहवाल उपलब्ध नाही. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत नोंदणीधारकांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असं लिहिलेलं आहे. ते वाचलेलं असल्यामुळे हे एका ओळीचं उत्तर मला फार लागलं. अधिकारी कमी आणि हॉटेलं, गाड्या, डेअऱ्या, मिठाईची दुकानं अमाप, हे मलाही दिसतं. पण तपासणीच झाली नाही, हेसुद्धा जेवणाऱ्याला कळायला हवं.

हॉटेलच्या अर्जाचं प्रकरण वेगळं झालं. माहिती दुसऱ्या कुणाची असेल आणि त्याने ती गोपनीय मानली असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ नुसार त्या त्रयस्थ पक्षाला नोटीस जाते. तसं पत्र हॉटेलमालकांना गेलं. त्यानंतर ते एका संध्याकाळी संघाच्या कार्यालयात आले. रागावलेले होते, पण त्याहून जास्त धास्तावलेले वाटले. “काकू, इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे येता. काय कमी पडलं सांगा, पण असे अर्ज नका टाकू.” मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, डब्याचं सगळं सांगितलं. मग ते जे बोलले ते मी विसरणार नाही. “तुमचं खरं आहे हो. पण अर्ज टाकून कागद मिळवायचे आणि मग ‘बघा, पेपरात देऊ का?’ म्हणत टेबलावर येऊन बसायचं, असले लोकही येतात आमच्याकडे. म्हणून मी हरकत लिहून दिली.”

मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांची भीती खोटी नव्हती. पण कागद कपाटात बंद असतो म्हणूनच तो दाखवण्याची धमकी देता येते. तोच अहवाल हॉटेलच्या दारात लावलेला असेल, सगळ्या गावाने वाचलेला असेल, तर धमकावणाऱ्याच्या हातात उरतं काय? उघडेपणाचा सर्वांत मोठा फायदा कुणाला होत असेल तर तो नीट काम करणाऱ्या हॉटेलवाल्याला. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

काही दिवसांनी उत्तर आलं. कलम ८(१)(घ) नुसार, वाणिज्यिक विश्वासार्हता व व्यापारी गुपित असल्याने, माहिती नाकारण्यात येत आहे.

त्यावर प्रथम अपील केलं. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचं स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. वकील लागत नाही. मी मुद्दे साध्या भाषेत लिहिले. अहवाल सरकारी अधिकाऱ्याने सरकारी कामात तयार केला आहे, तो हॉटेलने विश्वासाने सोपवलेला कागद नाही. ज्या कलमाने नकार दिला, त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असं म्हटलेलं आहे. आणि एखादा भाग खरोखरच गोपनीय असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं देता येतं. त्रयस्थ पक्षाची हरकत विचारात घ्यायची असते, पण ती म्हणजे नकाराधिकार नाही, हेही लिहिलं.

सुनावणीला मी, माहिती अधिकारी आणि टेबलामागे अपिलीय अधिकारी. हॉटेलमालक आले नाहीत. अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुम्हाला यातलं नेमकं काय हवं आहे?” मी म्हणाले, “साहेब, मला त्यांच्या मिसळीचा मसाला नको. फ्रीजचं तापमान हवंय, पाण्याचा तपासणी दाखला हवाय.” त्यांनी फाइल मागवली, तिथेच चाळली आणि माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, “यात गुपित कोणतं आहे, मला दाखवा.” कामगारांची नावं आणि फोन नंबर झाकून प्रत द्यावी, असा आदेश झाला. पानाला दोन रुपये भरून मी कागद घेतले.

तो अहवाल मी रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर पसरून वाचला. हॉटेल आणि खानपान व्यवसायासाठीची ही तपासणी-यादी एकूण ११४ गुणांची असते. ९१ किंवा त्याहून जास्त गुणांना ‘ए प्लस’, ८२ ते ९० ‘ए’, ६४ ते ८१ ‘बी’, आणि ६४ च्या खाली श्रेणीच नाही. काही प्रश्नांपुढे तारांकन असतं. ते थेट अन्नसुरक्षेचे, आधी दुरुस्त करायचे. आमच्या हॉटेलला ‘बी’ मिळाली होती.

काय होतं त्यात? पिण्याच्या पाण्याची तपासणी सहा महिन्यांनी करून नोंद ठेवायची असते, शेवटचा दाखला जुना होता. दोन कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झालेली नव्हती. फ्रीजमध्ये शिजवलेली ग्रेव्ही झाकण आणि तारीख न लावता ठेवलेली, तिच्याच वरच्या कप्प्यात न धुतलेली कोथिंबीर. भांडी घासायच्या जागेजवळ गटाराची जाळी तुटलेली. हस्ताक्षर घाईचं होतं, पण ‘कोथिंबीर’ हा शब्द अधिकाऱ्याने मुद्दाम लिहिला होता. माणूस खरोखर फ्रीज उघडून खाली वाकून बघून आलेला आहे, हे त्या एका शब्दावरून मला कळलं आणि त्याच्याविषयी फार आदर वाटला. जमेच्या बाजूही होत्या: तळणाचं तेल वारंवार वापरलेलं आढळलं नाही, फ्रीज पाच अंशांच्या खाली, उंदीर-झुरळांचा मागमूस नाही, प्रशिक्षित पर्यवेक्षक हजर.

त्याला जोडून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खालची सुधारणा नोटीस होती. या नोटिशीत दुरुस्तीसाठी किमान चौदा दिवस द्यावे लागतात. आणि सगळ्यात शेवटी फेरतपासणीचं पान: सर्व त्रुटी दूर केल्याचे आढळले.

हे शेवटचं पान वाचून मी थांबले. या माणसाने चुका दुरुस्त केल्या होत्या. त्याची सरकारदरबारी नोंद होती, सही-शिक्क्यासकट. आणि हाच कागद लोकांना दिसू नये म्हणून त्याने हरकत घेतली होती, कार्यालयाने ती मान्य केली होती.

प्रती घेऊन मी हॉटेलात गेले. मालकांनी त्या गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचल्या, मग काही न बोलता मला आत नेलं. फ्रीज उघडला. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी, तारीख आणि वेळ पेनाने लिहिलेली. कोथिंबीर खालच्या कप्प्यात, धुऊन, वेगळ्या डब्यात. गटारावर नवी जाळी. भिंतीवर पाण्याचा ताजा दाखला. “मला वाटलं, कागद बाहेर गेला की फक्त पहिली पानं फिरणार. शेवटचं कोण वाचतंय?” ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, फेरतपासणीचं पान लॅमिनेट करून दर्शनी भागात लावलं तर चालेल का. चालेल की, पण आधीच्या पानांसकट लावा, म्हटलं. तेवढं त्यांनी अजून केलेलं नाही. शेवटचं पान मात्र गल्ल्याच्या मागे लागलं आहे.

डबा त्यांच्याकडूनच सुरू झाला. पोळी-भाजी केंद्राच्या ताईंनाही मी कार्यालयाचं उत्तर दाखवलं. त्या म्हणाल्या, मग या ना बघायला, मी कुणाला अडवलंय? त्यांनी आपणहून तपासणीसाठी विनंतीपत्र दिलं आहे आणि त्याची तारीख यायची आहे.

मी आता माहिती अधिकाराच्या कलम ४ चा आधार घेऊन लेखी मागणी केली आहे की तपासणी आणि फेरतपासणीचे अहवाल कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावेत, आणि दोन्ही एकत्रच. पत्र वरिष्ठांकडे पाठवल्याचं कळवलं आहे. मी पाठपुरावा करते आहे.

ज्यांना आपल्या मुलांच्या मेसचा, ऑफिसच्या कँटीनचा, मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याचा अहवाल हवा असेल, त्यांच्यासाठी अपिलात टिकलेला मजकूर देते. माहितीचा विषय: अमुक परवाना क्रमांकाच्या आस्थापनेची तपासणी. कालावधी: अमुक तारखेपासून अर्जाच्या तारखेपर्यंत. तपशील: सदर आस्थापनेच्या सर्व तपासणी अहवालांच्या, गुणांकन केलेल्या तपासणी-यादीच्या, कलम ३२ खालील सुधारणा नोटिसांच्या व फेरतपासणी अहवालांच्या प्रती. पाककृती, पुरवठादार व विक्रीचे आकडे यांची माहिती मागितलेली नाही. व्यक्तींची नावे व संपर्क क्रमांक कलम १० नुसार वगळण्यास हरकत नाही. तपासणी झाली नसल्यास तसे स्पष्ट कळवावे. शेवटची दोन वाक्यं गाळू नका. परवाना क्रमांक बिलावरून उतरवून घ्या, हॉटेलचं नाव लिहून भागत नाही. दीडशे शब्दांत हे सगळं आरामात बसतं.