फॅमिली थेरपी शिकतेय, माझा अनुभव

मी आधी सोलापूरला नववी-दहावीला गणित शिकवायचे. पालकसभेत दरवेळी तेच, मार्क घसरले की आई म्हणायची ह्यांचं घरात लक्षच नाही, वडील म्हणायचे हिनेच लाडावून ठेवलाय, आणि पोरगं मधे खाली मान घालून उभं. मी त्या पोराला बाजूला घेऊन समजवायचे, आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकट्या पोराशी बोलून हे सुटणारं नाही हे मनात पक्कं बसलं म्हणून मी सायकॉलॉजीत एमए केलं आणि आता पुण्यात सुपरव्हिजनखाली फॅमिली थेरपी, म्हणजे एकट्यादुकट्याऐवजी घरच्यांना सोबत घेऊन अडचणीवर बोलणं, शिकतेय.

सगळ्यात आधी आम्हाला स्वतःच्या घराचा जेनोग्राम, म्हणजे घरातली माणसं आणि त्यांची नाती दाखवणारा नकाशा, काढायला लावला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली, ज्यांचं पटत नाही त्यांच्यामधे वाकडीतिकडी रेघ, अशा किमान तीन पिढ्या. मी आत्याला फोन लावला तर ती तासभर बोलत राहिली, ७२च्या दुष्काळात आजोबा गाव सोडून सोलापुरात मिलमधे लागले आणि मोठ्या काकांची शाळा तेव्हाच सुटली ती कायमची. आमचे पप्पा शिक्षणाच्या बाबतीत एवढे कडक का, हे मला त्या कागदावर दिसलं. अमेरिकन सायकियाट्रिस्ट मरे बोवेन यांनी घरातली भीती, ताण पिढ्यान् पिढ्या कसा पुढे जातो हे मांडलंय, ते पुस्तकात वाचलं होतं पण स्वतःच्या घराच्या चौकोन-गोलात बघणं फार वेगळं.

क्लायंट आले की मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगते की मी ट्रेनी आहे, माझं काम सिनियर बघतात, आणि सेशन रेकॉर्ड करायचं असेल तर लेखी परवानगी घेते. मग प्रत्येकाशी थोडं थोडं बोलते, आजी असतील तर आधी आजींशी. फॅमिली थेरपीतले एक मोठे थेरपिस्ट साल्वादोर मिनुचिन याला जॉइनिंग, म्हणजे घरच्यांशी जोडून घेणं, म्हणायचे, पण आपल्याकडे ते मोठ्यांना मान देण्यापासूनच सुरू होतं, आजींना डावलून सुनेला प्रश्न विचारला तर पुढचा तास वाया गेला म्हणून समजा.

मला सगळ्यात जास्त भावतात ते सर्क्युलर प्रश्न. इटलीतल्या मिलान शहरातल्या थेरपिस्टांच्या टीमने १९८० मधे यावर लिहिलं. एकाबद्दल दुसऱ्याला विचारायचं आणि तिसऱ्याने ते ऐकायचं. एका घरातला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) कॉलेजचा मुलगा खोलीतून बाहेरच येत नव्हता, मी त्याला काहीच न विचारता आजींना विचारलं, हा दार लावून घेतो तेव्हा घरात सगळ्यात आधी कोणाचा जीव खालीवर होतो? आजी म्हणाल्या, "ह्याच्या बापाचा. रात्री दोनदा उठून दाराला कान लावतो." मुलाने झटकन वडिलांकडे बघितलं, त्याला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटायचं ते फक्त चिडतात. मी मुद्दाम काही बोलले नाही, ते दोघं बोलायला लागले होते ना.

परदेशी पुस्तकात आई-वडील आणि मुलं एवढंच घर असतं बऱ्याचदा, आपल्याकडे फी भरणारा मामा पण निर्णयात असतो, मग त्याला पण बोलवावं लागतं. आणि घरच्यांना सोबत घेणं ही आपल्याकडे काही नवीन गोष्ट नाहीये, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात पेशंटच्या नातेवाईकांना आवारात तंबू टाकून सोबत राहू दिलं होतं, पुढे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत फॅमिली सायकियाट्रीचं स्वतंत्र केंद्रच उभं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

एका बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. घरात मारहाण होत असेल तर सगळ्यांना एकत्र बसवत नाही, कारण इथे बोललेल्या एका वाक्याची किंमत मार खाणाऱ्या बाईला घरी जाऊन मोजावी लागू शकते. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला एकेकटं भेटते, सुपरव्हायझरशी बोलते आणि मगच पुढचं ठरवते. कोणी जीव द्यायची भाषा करत असेल तर सायकियाट्रिस्टकडे लगेच पाठवते आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन ठेवते, तो मोफत आहे आणि रात्री-बेरात्री पण चालतो.

बरेच जण विचारतात की नवरा यायला तयार नाही मग काय करू. मी सांगते, तुम्ही एकट्या या, जे येतील त्यांच्यापासून सुरू करू, नंतर कोणाला बोलवायचं ते आपण मिळून ठरवू.