स्टार्च कशाचा?

सिलिअ‍ॅक म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. तो निघाल्यावर पोळी सुटली, त्याचं मला फार काही वाटलं नाही. माहेर सिन्नरकडचं, बाजरीच्या भाकरीवर वाढलेली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांच्यावर माझं उत्तम चालतं. पुरणपोळीसाठी मात्र होळीला जीव तुटतो, ते सोडा. खरं घोडं अडलं ते औषधांपाशी.

या आजारात औषधं लागतात, आणि बरीच लागतात. सिलिअ‍ॅकवर थेट गोळी नाही, आयुष्यभर गहू, जव आणि राय बंद, एवढाच इलाज. पण निदान होईपर्यंत लहान आतड्याचं अस्तर सपाट झालेलं असतं आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, फोलिक अ‍ॅसिड अंगी लागत नाही. माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं सात-आठच्या पुढे सरकत नव्हतं. डॉक्टर लोहाच्या गोळ्या बदलून देत राहिले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हा आजार ओळखायची टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी, मग बायोप्सी. सोबत थायरॉईडही आलं, ते या आजाराबरोबर पुष्कळांना असतं. म्हणजे सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, दुपारी लोह, रात्री कॅल्शियम, आठवड्यातून एकदा साठ हजार युनिटचं व्हिटॅमिन डी-थ्री. यातलं काहीही दोन दिवस खाऊन सोडून द्यायचं नाही, वर्षानुवर्षं रोज पोटात जाणार. त्यामुळे त्यात काय आहे हे कळायला हवं, असं मला वाटलं. फार मोठी मागणी नव्हे.

आता एखादी गोळीची पट्टी हातात घ्या आणि मागची चंदेरी बाजू उजेडात धरा. मुख्य औषधाचं नाव आणि वजन असतं. त्याखाली बारीक अक्षरात ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ म्हणजे बाकीचे पदार्थ, लागतील तेवढे. मग रंगाचं नाव. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लाल आयर्न ऑक्साइड आहे हे मला कळतं, पण गोळीचा लगदा कशात बांधला ते कळत नाही. आपल्याकडच्या नियमांत अ‍ॅलोपॅथीच्या गोळीवर या बाकीच्या पदार्थांची यादी छापायची सक्तीच मी शोधाशोध केली तेव्हा नव्हती. ऑगस्ट 2023 पासून खपाच्या मोठमोठ्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड आला, तेव्हा मी मोठ्या आशेने तो फोनने स्कॅन करून बघितला. औषधाचं नाव, कंपनी, पत्ता, बॅच, तारखा, परवाना क्रमांक. हे सगळं पट्टीवर आधीच छापलेलं असतं!

लबाडी वाटेल अशी गंमत पुढे आहे. तीच कॅल्शियमची गोळी जर औषध म्हणून न विकता ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून विकली, तर ती अन्नाच्या कायद्यात येते. मग डबीवर सगळे घटक छापावे लागतात आणि ग्लूटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. म्हणून कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन मी डॉक्टरांना विचारून शक्यतो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, परवाना क्रमांक असलेलं घेते. लोह आणि थायरॉईडच्या बाबतीत ही चैन नाही.

मेडिकलवाल्यांना विचारून काही उपयोग होत नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या चौकातला मुलगा भला आहे. पण ‘यात ग्लूटेन आहे का?’ असं विचारलं की तो हसून म्हणायचा, ‘ताई, औषधात कसला गहू? बिनधास्त घ्या.’ कंपनीच्या हेल्पलाइनवर हाच प्रश्न केला की पलीकडची मुलगी थोडा वेळ गाणं ऐकवून ‘अवर प्रॉडक्ट इज सेफ मॅडम’ म्हणते. दोघांचंही उत्तर माहितीतून आलेलं नसतं, मला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं. तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. ग्लूटेनचं नावच काढत नाही. विचारते, ‘स्टार्च कशाचा?’

कारण गहू गोळीत शिरलाच तर बहुतेक याच दाराने शिरतो. गोळी बांधायला आणि पोटात गेल्यावर फुटायला स्टार्च लागतो, आणि औषधी दर्जाचा स्टार्च मका, बटाटा, तांदूळ, टॅपिओका, गहू, कशापासूनही करता येतो. व्यवहारात मक्याचाच जास्त. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट साधारण बटाट्याचं असतं. माल्टोडेक्स्ट्रिनच्या नावात माल्ट दिसतं म्हणून दचकायला होतं, पण ते बहुधा मक्याचं किंवा टॅपिओकाचं निघतं. लॅक्टोज, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, पोव्हिडोन, मॅग्नेशियम स्टिअरेट, टाल्क यांचा गव्हाशी संबंध नाही. एवढी यादी पाठ झाली की मेल लिहिणं सोपं जातं.

मेल मी कंपनीच्या ‘ड्रग सेफ्टी’ किंवा ‘मेडिकल इन्फर्मेशन’च्या पत्त्यावर करते, कस्टमर केअरला नाही. औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, आणि पट्टीवरचा ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’चा पत्ता जसाच्या तसा. हे महत्त्वाचं, कारण ‘मार्केटेड बाय’ मुंबईची कंपनी असते आणि गोळी बनते बद्दीला किंवा सिक्कीमला दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात. मग दोन ओळी: यात स्टार्च, प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च, डेक्स्ट्रिन किंवा सोडियम स्टार्च ग्लायकोलेट आहे का, आणि असल्यास कोणत्या वनस्पतीपासून? मला सिलिअ‍ॅक आहे हेही लिहिते. काहींचं उत्तर येतच नाही. काही जण ‘फॉर्म्युला गोपनीय आहे’ म्हणून कळवतात, जणू मी उद्या अंगणात कारखाना काढणार आहे. पण थायरॉईडच्या गोळीवाल्यांकडून चार दिवसांत एका ओळीचं उत्तर आलं: मक्याचा स्टार्च, गहू किंवा जवापासूनचा एकही घटक नाही. ती ओळ मी छापून औषधांच्या वहीत चिकटवली आहे.

अमेरिकेत डेलीमेड नावाची सरकारी साइट आहे, तिथे प्रत्येक औषधाचे निष्क्रिय घटक मांडलेले असतात. आपल्या बऱ्याच कंपन्या तिकडेही गोळ्या विकतात, त्यामुळे त्यांची नावं तिथे सापडतात. युरोपात तर पाकिटातल्या कागदावरच सगळे घटक छापतात. मात्र तिकडची गोळी आणि आपल्याकडची गोळी एकाच मसाल्याची असेल असं धरून चालू नका. मी डेलीमेड बघते ते काय विचारायचं हे कळावं म्हणून.

एवढं सगळं वाचून कुणी गोळ्याच बंद करील, म्हणून आता हिशेब सांगते. इटलीतला 2007 सालचा एक अभ्यास आहे. त्यात सिलिअ‍ॅक असलेल्यांना तीन महिने रोज मोजून ग्लूटेन दिलं. रोज 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याला इजा दिसली. त्यावरून दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना त्रास होऊ नये, असं धरतात. आता समजा अर्ध्या ग्रॅमची गोळी आहे, तिच्यात 50 मिलिग्रॅम स्टार्च आहे आणि तो चक्क गव्हाचा आहे. औषधी दर्जाच्या गव्हाच्या स्टार्चमध्ये प्रथिनं 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत, असं युरोपचं मानक आहे. ती सगळी ग्लूटेन धरली तरी झाले फार तर 0.15 मिलिग्रॅम. ‘ग्लूटेन फ्री’ छापलेल्या पिठाला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मुभा आहे. त्या पिठाच्या 30 ग्रॅमच्या भाकरीत याच्या चौपट ग्लूटेन कायद्याने बसतं! अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, डिसेंबर 2017 च्या मसुद्यात लिहिलं आहे की मुद्दाम गव्हाचं पीठ किंवा ग्लूटेन घातलेलं तोंडाने घ्यायचं एकही औषध आमच्या माहितीत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. ताप, जंतुसंसर्ग, दुखणं, असं चार-पाच दिवसांचं औषध असेल तर डॉक्टरांनी दिलं की लगेच सुरू करायचं, मेलच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. अँटिबायोटिक लांबवण्यात जो धोका आहे, तो त्या अर्ध्या कणाएवढ्या ग्लूटेनमध्ये नाही. इंजेक्शन आणि सलाइनचा विचारच करायचा नाही. चौकशी करायची ती रोजच्या, कायमच्या गोळ्यांची.

आणि खरी नजर ठेवायची ती गोळीच्या आजूबाजूला येणाऱ्या गोष्टींवर. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी एका खाजगी दवाखान्यात दाखल होते. फाईलच्या पहिल्या पानावर, अ‍ॅलर्जीच्या रकान्यात, लाल शाईने सिलिअ‍ॅक लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली, छोट्या प्लॅस्टिकच्या कपात तीन गोळ्या आणि बशीत दोन मारी बिस्किटं. ‘मावशी, रिकाम्या पोटी गोळ्या नका घेऊ, आधी बिस्किट खा.’ गोळ्यांवर मी आठ दिवस आधीपासून मेलामेली केली होती, आणि गहू आला तो बशीतून! दुपारी ‘सॉफ्ट डाएट’ म्हणून दलिया आला. संध्याकाळचं सूप दाट होतं, कशाने दाट केलंय ते वाढणाऱ्याला सांगता येईना. नंतर सगळे दिवस घरून मऊभात आणि मुगाचं वरण आलं. आता दाखल व्हायची वेळ आली तर मी आधी स्वयंपाकघराचा फोन नंबर मागेन.

टॉनिकचंही तसंच. अशक्तपणा म्हटला की कुणीतरी हॉर्लिक्स किंवा बोर्नव्हिटाचा डबा घेऊन भेटायला येतं. त्यात माल्ट असतं, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. काही भूक वाढवणाऱ्या सिरपांतही माल्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. व्हिटॅमिन ई बरोबर गव्हाच्या अंकुराचं तेल घातलेल्या कॅप्सूल मिळतात, त्या मी बाजूला ठेवते. गव्हांकुराच्या रसाचं तर नावच नको. आमच्या सोसायटीत एक काका रोज सकाळी बागेत तो रस विकतात आणि मला बघितलं की आजही म्हणतात, ‘रक्त वाढतं याने.’

सासूबाईंचा जीव माझ्यावर आहे, म्हणून त्यांच्याशी जास्त काळजीने बोलावं लागतं. उन्हाळी लागली की त्यांच्याकडे जवाचं पाणी, आणि उन्हाळ्यात सातूचं पीठ. जव आणि सातू एकच, शिवाय घरच्या सातूच्या पिठात गहूही भाजून घातलेला. हे त्यांना पटलं, कारण डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं. मी सांगत होते तेव्हा ते ‘हल्लीच्या मुलींचं फॅड’ होतं.

आयुर्वेदिक औषधाच्या बाबतीत मला एक सुखद धक्का बसला. तिथे लेबलवर घटकांची यादी द्यावी लागते, आणि ती मावत नसेल तर आत वेगळा कागद घालावा लागतो. म्हणजे या एका बाबतीत अवलेहाची बाटली अँटिबायोटिकच्या पट्टीपेक्षा प्रामाणिक! दीर्घ खोकल्यावर वैद्यांनी अगस्त्य हरीतकी सुचवलं होतं. कागद उघडला तर दशमुळांच्या शेजारी ‘यव’, पुढे वनस्पतीचं नाव हॉर्डियम वल्गेर. त्या अवलेहात हिरडे जवाबरोबर शिजवतात. वैद्यांना दाखवलं, त्यांनी कपाळाला हात लावला आणि सितोपलादि मधातून घ्यायला सांगितलं. त्यात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी, धान्य काही नाही. तेव्हा दोन नावं लक्षात ठेवा: हॉर्डियम म्हणजे जव, ट्रिटिकम म्हणजे गहू.

फक्त हिंगापाशी थांबा. हिंगाष्टक चूर्णाच्या यादीत ‘हिंगु’ एवढंच असतं. पण बाजारातला डबीतला हिंग म्हणजे बांधानी हिंग, त्यात डिंक आणि बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं. चूर्ण करणाऱ्याने कोणता वापरला ते तोच सांगणार. मी खडा हिंग आणून सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, दोन्ही जिरं, सैंधव घरच्या मिक्सरमध्ये दळते. गिरणीत मुळीच नाही, तिथल्या जात्यात गव्हाचं पीठ कायम बसलेलं असतं.

मेडिकलमधला तो मुलगा आता सुधारलाय. माझी नेहमीची कंपनी नसली की परस्पर दुसरी देत नाही, फोन करतो: ‘ताई, दुसऱ्या कंपनीची आहे, मीठ (म्हणजे मुख्य औषध) तेच आहे, पण तुमचं ते स्टार्चचं बघून घ्या.’ डॉक्टरांनीही कागदावर ‘ब्रँड बदलू नये’ असं लिहून दिलंय.

तुमच्यापैकी कुणाकडे एखाद्या कंपनीचं लेखी उत्तर असेल तर मला जरूर कळवा. औषधाची ताकद, बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता आणि उत्तराची तारीख तेवढी हवी. ‘मला तर चाललं’ हे मी वहीत घेत नाही, आणि दोन वर्षांपेक्षा जुनं उत्तर असेल तर पुन्हा मेल करते.