सॉफ्टवेअर चोर शोधतं, मग तुम्ही काय करता?

पोलिसांना सीसीटीव्ही फुटेज तपासून देणं हे माझं काम. परवा एका साखरपुड्यात मेव्हण्याच्या सासऱ्यांनी पंगतीतच विचारलं, "आता एआय आलंय म्हणे. फोटो टाकला की माणूस सापडतो. मग तुम्ही दिवसभर काय करता हो?" तोंडात जिलेबी होती, हसून वेळ मारून नेली. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

चौकाभोवतीचे ४० कॅमेरे, प्रत्येकाचं तीन दिवसांचं फुटेज, म्हणजे २८८० तास. रोज आठ तास बघितलं तरी एका माणसाला ३६० दिवस लागतील. सॉफ्टवेअर इथे खरोखर देवासारखं धावून येतं. रिकामा रस्ता गाळून टाकतं. सकाळी नऊला गेलेला आणि दुपारी दोनला गेलेला माणूस एकाच चित्रात चालवून दाखवतं, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची वेळ. 'लाल शर्ट, मोटारसायकल' असं शोधता येतं.

पण मागे एकदा आम्ही 'काळं जॅकेट' शोधत बसलो आणि हाती काहीच लागेना. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर जातो, रंग जातात, आणि काही काळी कापडं त्यात चक्क पांढरट दिसतात. आमचा गडी पहिल्याच तासात समोरून गेला होता, पांढऱ्या जॅकेटात! ते मशीनला कोण सांगणार?

२०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांचंच बघा. चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला संशयितांची नावं सांगता आली नाहीत. फुटेजमध्ये नजरेत भरली ती वेगळीच गोष्ट. पहिला स्फोट होताच सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, पांढऱ्या टोपीतला एक जण मात्र शांत होता. मग आधीच खाली ठेवलेली पाठीवरची पिशवी तिथेच सोडून तो निघून गेला.

आणि माझा निम्मा वेळ कशात जातो, तर घड्याळात. हसू नका. दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ कधीच बरोबर नसतं. एक सतरा मिनिटं पुढे, शेजारचा चार मिनिटं मागे. पडद्याशेजारी मोबाइल धरून दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्यायच्या, पंचनाम्यात फरक लिहायचा, मग फुटेजची कॉपी आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा अंकी ठसा. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला आठवतो? उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतले का, एवढाच वाद. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये निकाल आला की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हवंच. आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालंय, आणि प्रमाणपत्रात हॅशही लिहावी लागते.

हे सगळं करायला आम्ही एका किराणा दुकानात पोचलो. दुकानदार भला माणूस. "साहेब, घड्याळ चुकलेलं होतं, तुम्ही येणार म्हणून सकाळीच बरोबर करून ठेवलं," म्हणाला. किती चुकलेलं होतं, ते काही त्याला आठवेना. मग समोरच्या बँकेच्या कॅमेऱ्यात दिसणारी एसटी त्याच्या कॅमेऱ्यात कधी दिसते ते शोधत बसलो. दुपार गेली. चहा मात्र त्याने तीनदा पाजला.