पोर्थगेनचं बंदर

काल वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावरच्या पोर्थगेनला गेलो. गाव एवढंसं, पण धक्क्यालगत कड्याला टेकून विटांच्या अवाढव्य कोठ्या उभ्या आहेत. वरच्या खाणीतला दगड फोडून, आकारानुसार वेगळा करून या कोठ्यांत भरायचे आणि रस्त्यांसाठीची ती खडी खालच्या जहाजांत सोडायचे. त्याआधी इथून स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, जायची. तिचा उरलेला चुराही वाया गेला नाही, त्याच्या विटा पाडल्या! १९३१ मध्ये सगळं बंद पडलं. विटांवरून हात फिरवला, कडा झिजल्यात, पण भिंत अजून भक्कम.

मला खरं भावलं ते पुढचं. १९८० च्या दशकात गावकऱ्यांनी एकत्र येऊन बंदर विकत घेतलं. आज खाणीच्या काळातल्या शेडमध्ये ताज्या मासळीचं हॉटेल आहे, शेजारी चित्रांची गॅलरी. ‘स्लूप इन’ पब तर १७४३ पासूनचा, म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ. धक्क्यावर शेवंडी पकडायचे पिंजरे रचलेले होते.

वेल्सला येणार असाल तर नुसतं कार्डिफ बघून परतू नका. इथे या, फोटो काढाच, पण इथेच जेवा आणि जमलं तर एखादं चित्रही घ्या.