दोडामार्गच्या काजूबागेत ट्रेल कॅमेरा: जागा, उंची, दिशा

डिसेंबरात दोडामार्ग तालुक्यात, तिळारी खोऱ्यालगतच्या एका खासगी काजूबागेत ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले, त्याचा हा वृत्तांत. बाग मालकीची असल्याने मालकाची परवानगी पुरली. कुंपणापलीकडे राखीव वन किंवा तिळारीचं संवर्धन राखीव क्षेत्र लागत असेल, तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कॅमेरा तिकडे नेऊ नका.

या दिवसांत व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, जागोजागी पाणी असतं. जनावरं एका पाणवठ्यावर येत नाहीत, म्हणून पाण्यापेक्षा वाट शोधावी. मार्चनंतर जाणाऱ्यांनी मात्र उरलेले डोह धरावेत.

कोकणात वाट शोधायचं निम्मं काम गडगा, म्हणजे बागेभोवतीची दगडी कुंपणभिंत, करून देतो. जांभ्याचा गडगा जिथे ढासळलाय, तिथूनच भेकर, डुक्कर, साळिंदर, उदमांजर, बिबट्या सगळ्यांची ये-जा असते. चिऱ्यावरचं शेवाळ एकाच जागी घासलेलं, खाली मऊ मातीत खूर, कडेला अडकलेले डुकराचे राठ केस एवढं दिसलं की दुसरी जागा शोधायला नको. चिरे ओलांडताना जनावराची चाल मंदावते. रात्रीच्या फोटोत शटर बराच वेळ उघडं राहतं, त्यामुळे ही मंद चाल फार मोलाची. मोकळ्या पायवाटेवरच्या कॅमेऱ्यात शेपट्याच जास्त आल्या, भगदाडापाशी पूर्ण अंग मिळालं.

शेपट्या येण्याचं कारण कोनात आहे. सेन्सर पार्श्वभूमी आणि हलणारं अंग यांच्या तापमानातला फरक टिपतो. आडवं जाणारं जनावर त्याला लगेच कळतं, पण वाटेला काटकोनात लावलेला कॅमेरा जागा होईपर्यंत ते चौकटीबाहेर पडतं. उलट वाटेच्या अगदी सरळ रेषेत लावला, तर समोरून येणारं जनावर उशिरा कळतं. म्हणून वाटेशी साधारण ४५ अंश, अंतर ३ ते ४ मीटर. दीड मीटरच्या आत बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस बसत नाही आणि फ्लॅशने अंग पांढरं पडतं.

उंची बिबट्या-भेकरासाठी ४० ते ५० सेंटिमीटर, उदमांजर किंवा पिसोरी या इवल्या हरणासाठी २० ते २५. छातीच्या उंचीवर बांधून खाली झुकवलेल्या कॅमेऱ्यात नुसत्या पाठी दिसतात. उतारावर कॅमेरा जमिनीला समांतर करावा. काजूचं खोड हमखास तिरकं असतं, त्यामुळे पट्टा आवळण्याआधी कॅमेऱ्यामागे काटकीची पाचर मारावी. मनगटाएवढ्या जाडीचं झाड नको, वाऱ्याने डुलतं आणि रिकाम्या फोटोंनी कार्ड भरतं. शेवटी टेस्ट मोडमध्ये वाटेवरून रांगत जाऊन दिवा कुठे पेटतो ते बघा. उभ्याने चालून केलेल्या चाचणीवर विसंबू नका.

तोंड उत्तरेकडे ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, पूर्व-पश्चिमेला सकाळ-संध्याकाळ लेन्समध्ये ऊन घुसतं. उघडा कातळ चौकटीत घेऊ नका. दुपारी तो तापला की जनावराच्या अंगातला आणि त्याच्यातला फरक उरत नाही, आणि सेन्सर गप्प बसतो.

समोरच्या मीटरभरातलं गवत आणि लोंबती पानं काढा. जवळचं एक पान रात्रीच्या फ्लॅशचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड परतवतं, तेवढं पान लख्ख दिसतं आणि मागचं जनावर काळं. मागची झुडपं मात्र राहू द्या.

सेटिंग: एका वेळी तीन फोटो, दोन वेळांमधला खंड कमीत कमी, संवेदनशीलता मध्यम. कार्ड ३२ जीबीचं, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलेलं. सेल लिथियम एए घ्या. अल्कलाइनचा व्होल्टेज उतरत गेला की आधी रात्रीचा फ्लॅश मंदावतो, दिवसाचे फोटो चांगले येत राहतात आणि दोष लक्षात येत नाही. जुने-नवे सेल एकत्र नकोत. दव आणि मुंग्यांसाठी आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि झाकणाचं रबर पुसून मगच बंद करा.

या पट्ट्यात रानटी हत्तींचा वावर आहे. ताजी लीद किंवा मोडलेले माड दिसले, तर तिथे कॅमेरा लावू नका. हत्ती तो उपटतोच, आणि तपासायला जाणाऱ्याच्या जिवाला धोका. कार्ड बदलायला सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच, दोघांनी मिळून जावं.

आमिष टाकू नका, माणसांच्या वाटेवर बिबट्याला यायची सवय लागते. काजू-लाकडं गोळा करणाऱ्या बायांना कॅमेऱ्याची जागा आधी सांगा आणि त्यांचे फोटो आले तर पुसून टाका. बिबट्याचा फोटो इतरांना दाखवताना बाग आणि वाडी सांगू नका.