मोकळ्या तोंडाचा पाइप

यावल तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्यात विहिरीवरची मोटर सुरू झाली की रबरी पाइपचे मोकळे तोंड सापासारखे वळवळू लागे आणि आबा त्यावर दगड ठेवत. दगड तोंडापासून चार हात अलीकडे ठेवला तरी बहुधा वळवळ थांबे, हे मला लहानपणी गूढ वाटत असे. त्याचे उत्तर फार पुढे गणितात सापडले: घर्षण आणि पाइपचे वजन बाजूला ठेवले, तर हलण्यास मोकळी असलेली लांबी निम्मी केल्यावर वळवळ सुरू होण्यासाठी पाण्याचा वेग दुप्पट लागतो.

मुळात मंद वाहणारे पाणी पाइपची थरथर शमवते, कारण हलत्या तोंडातून बाहेर पडताना ते पाइपची ऊर्जा सोबत घेऊन जाते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, आणि टोक ज्या दिशेने सरकते त्याच्या उलट दिशेला त्याचा कल बहुतेक वेळ राहू लागला, म्हणजे शेपटी मागे ओढली जावी तसे ते हलू लागले, की हिशेब उलटतो आणि पाणीच पाइपला ऊर्जा पुरवू लागते. गणितज्ञ ब्रुक बेंजामिन यांनी 1961 मध्ये सांधे असलेल्या नळ्यांसाठी हे मांडले आणि अभियंते मायकेल पैदुसिस यांनी सलग लवचिक नळ्यांवर त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. दोन्ही टोके बांधलेली नळी मात्र आधी वळवळत नाही, ती एका बाजूला वाकते.

हे सारे संगणकावर उभे करताना मी पाइप आणि पाणी यांची गणिते वेगवेगळी ठेवली आणि प्रत्येक पायरीला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक लहान तुकड्याला, एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले. पाणी जवळजवळ थांबलेले असतानाही पाइप उसळला. पायरी निम्मी केली, तर तो आणखी लवकर उसळला, आणि तिथेच माझी खात्री पटली की ही अस्थिरता पाइपची नसून माझ्या पद्धतीची आहे. पाण्याचा रेटा मी पाइपच्या मागील पायरीच्या त्वरणावरून काढत होतो. पाइपमधले पाणी पाइपपेक्षा जड असेल, तर त्यातली चूक प्रत्येक पायरीला वाढत जाते, आणि पायऱ्या जितक्या बारीक तितक्या त्या एका सेकंदात जास्त. विमानाच्या पंखाभोवतीची हवा हलकी असल्याने तिथे हीच पद्धत बहुधा निभावते. रक्तवाहिन्यांच्या गणितात हीच अडचण येते, आणि तिचे नेमके विश्लेषण कॉझँ, जेर्बो आणि नोबिले यांनी 2005 मध्ये केले.

आता मी प्रत्येक पायरीत दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत फेऱ्या करतो आणि दर फेरीला दुरुस्तीचा थोडाच भाग स्वीकारतो. पायरी बदलली तरी वळवळ त्याच वेगाला सुरू होते. हा वेग प्रत्यक्षात ताडून पाहायचा आहे; मातीचे घर्षण या गणितात नसल्यामुळे उन्हाळ्यात पाइप बांधावरच्या लिंबाच्या फांदीला उभा टांगून, वजनाचे पद समीकरणात घालून, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि 200 लिटरचा ड्रम भरायला लागणाऱ्या वेळेवरून वेग काढायचा, असे आबांशी बोलून ठरवले आहे.