विलंबित म्हणजे नुसता उशीर नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाठांतराच्या वर्गात मी "जरा विलंबित म्हणा" म्हटलं की कोणी ना कोणी विचारतंच, मॅडम, विलंब म्हणजे तर उशीर ना, मग हळू म्हणण्याशी त्याचा काय संबंध?

संबंध अगदी मुळातच आहे. संस्कृतात लम्ब् म्हणजे लोंबणं, आपलं लोंबणं आणि अवलंबून असणं हेही त्यातलंच. त्याला वि लागला की विलंब, लोंबत राहिलेलं, रेंगाळलेलं. मग ते काम असो नाहीतर बोलणं. पण विलंब शुल्क भरून भरून आपल्याला उशीरच आठवतो, आणि गाणं ऐकणाऱ्यांना बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गाणं. बोलण्यासाठी मात्र हा शब्द फार जुना आणि चक्क टेक्निकल आहे. शिक्षाग्रंथांत (शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र, छडी नव्हे) तीन वृत्ती, म्हणजे म्हणण्याच्या गती, सांगितल्यात, स्वतः घोकताना द्रुत (जलद), प्रत्यक्ष प्रयोगात मध्यम आणि शिष्याला शिकवताना विलंबित.

गंमत म्हणजे पाणिनीय शिक्षेत म्हणण्याचे दोष दिलेत त्यात त्वरित आहे आणि विलंबितही आहे! मला यात भांडण दिसत नाही, शिकवताना जे लागतं तेच एरवी ऐकवत नाही, एवढंच.

खरी भानगड वेगळीच आहे. हळू म्हणा म्हटलं की लोक सगळं सोडून स्वरच ताणत बसतात, आणि 'दिन' ताणला की 'दीन' होतो, दिवसाचा गरीब झाला की हो! ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, हे प्रमाण कुठल्याही गतीत तेच राहायला हवं. पतंजलीनं महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथात, हाच प्रश्न घेतलाय, गती बदलली म्हणून स्वर बदलतो का? तर नाही, रस्ता तोच असतो, रथवाला लवकर जातो, घोडेस्वाराला वेळ लागतो, पायी जाणाऱ्याला त्याहून जास्त. गतीचा हिशोबही तिथेच आहे, द्रुतपेक्षा मध्यमला एक तृतीयांश वेळ जास्त, मध्यमपेक्षा विलंबितला परत एक तृतीयांश, म्हणजे ९, १२, १६.

म्हणजे बघा, विलंबित द्रुतच्या दुप्पटसुद्धा होत नाही. वर्गात जे 'दिऽऽऽन' ऐकू येतं ते यातल्या कशातच बसत नाही, त्याला हेल काढणं म्हणतात.